इवायांचं पोट आणि ताडकळसची भाकरी

परभणी जिल्ह्यात कुणी हवापालटाला जात नाही, हे मला मान्य आहे. मी देवरुखचा. आमच्याकडे लोक समुद्र बघायला, आंबे खायला येतात आणि जाताना आमसुलांच्या पुड्या बांधून नेतात. मी मात्र ऐन जानेवारीत उलट्या दिशेला निघालो. पिशवीत आमसुलं, ओवा, सुंठ, बाळंतशेप, हिंग आणि घरी कुटलेलं त्रिफळा चूर्ण होतं. मी एका माणसाचं पोट दुरुस्त करायला चाललो होतो.

पोटाच्या बाबतीत मी अधिकारी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. चाळिशीत माझं पोट असं होतं की ताट समोर आलं की धडकी भरायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी, डब्याला ठरलेली वेळ नाही, दिवसभर चहा. औषधं करून थकलो आणि मग हट्टाने सवयी बदलल्या. उठल्यावर कोमट पाणी, वेळेवर जेवण, घास नीट चावून, जेवणावर जिऱ्याचं ताक, रात्री लवकर आणि हलकं, वर शतपावली. पोट ताळ्यावर आलं ते आजतागायत. तेव्हापासून नात्यात कुणाचंही पोट बिघडलं की मी न बोलावता हजर असतो. बायको म्हणते, लग्नकार्यात मी दिसलो की लोक आधी पोटावर हात ठेवून सांगतात, बरं आहे हो, बरं आहे.

यावेळी मात्र बोलावणं आलं होतं. आमची मुक्ता ताडकळसला दिलेली आहे. दिलेली म्हणजे तिचं तिनेच जमवलं. जावई विष्णू तिच्याच कॉलेजात शेती शिकायला होता, त्याच्या हरभऱ्यावर भाळून ती काळ्या मातीत गेली. लग्नाला तीन वर्षं झाली. तिचा फोन आला तेव्हा आवाज नेहमीचा नव्हता.

"बाबा, मामांचं पोट वर्षभर बिघडलंय. परभणीला डॉक्टरांना दाखवलं. सगळ्या तपासण्या झाल्या, आजार काही नाही. खाण्यापिण्याकडे लक्ष द्या म्हणाले. पण ते दोन घास खातात आणि उठतात. बाजारातलं चूर्ण घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही."

मामा म्हणजे तिचे सासरे, ज्ञानोबाराव. मी म्हटलं, त्यात काय, मी येतो. त्यावर ती म्हणाली, "गावात बायका बोलतात. कोकणातल्या सुनेच्या हातचं म्हाताऱ्याला पचत नाही म्हणतात. आम्ही परभणीला खोली बघतोय. मी स्वयंपाकघरातून बाजूला झाले तर त्यांचं पोट तरी सुधारेल."

विष्णू एकुलता एक. विहीणबाईंचा हात मुक्ताच्या लग्नानंतर लगेचच मनगटात मोडला होता आणि नीट जुळला नव्हता. ही दोघं परभणीला गेली की म्हातारा-म्हातारी घरात एकटी, आणि पोरगी आयुष्यभर मनात घेऊन बसणार की माझ्या हातानं घर मोडलं. मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

पिंगळी ते ताडकळस

प्रवासाचं वर्णन करत नाही. गाड्या सगळीकडे सारख्याच उशिरा येतात. परभणीहून पॅसेंजरने पिंगळीला उतरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं तरी अंगात स्वेटर होता. आमच्याकडे स्वेटर ट्रंकेत असतो आणि त्याला डांबरगोळीचा वास येतो. इथे माणसं कानाला मफलर गुंडाळून टपरीवर चहा पीत होती. चहा एवढासा, पण गोड असा की चमचा उभा राहावा.

विष्णू मोटारसायकल घेऊन आला होता. त्याच्या मागे बसून मी पहिल्यांदा हा मुलुख नीट पाहिला. आमच्याकडे नजर कुठेही टाका, ती डोंगरावर जाऊन आपटते. इथे ती जातच राहते. काळी जमीन, तिच्यावर हिरवागार हरभरा, पिवळी पडत चाललेली हळद, मध्येच माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली ज्वारी आणि तिच्यावर तुटून पडलेली पाखरं. मला हे सगळं आवडलं, आणि आवडलं की मी मोठ्याने बोलतो. विष्णू हेल्मेटातून "हाव, हाव" म्हणत होता.

"ज्वारी कमी दिसते रे," मी ओरडलो.

"आता कोन लावतंय? काढायला मानूस मिळत न्हाई. आमी बी जनावराच्या कडब्यापुरतीच लावतो. सगळं सोयाबीन."

ज्ञानोबाराव ओसरीवर उभेच होते. उंच, ताठ, डोक्याला पांढरा रुमाल. तब्येत उतरली होती, सदरा अंगावर लोंबत होता. आम्ही एकमेकांना भेटलो ते व्याह्यांनी भेटायच्या पद्धतीने, म्हणजे दोन्हीकडून खूप वाकून आणि कमी बोलून. तिकडे व्याह्यांना इवाई म्हणतात.

"या इवाई. तरास झाला का वाटंत?"

"छे, मजेत आलो. तुमचं पोट कसं आहे?"

त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या मुलुखात इवायाने इवायाला उंबऱ्यातच पोट विचारायची रीत नसावी. विहीणबाई, सुभद्राबाई, पदर तोंडाला लावून आत गेल्या. मुक्ता दारातून माझ्याकडे डोळे वटारून बघत होती.

उपचार

जेवायला बसलो. पोळ्या होत्या, आणि काय पोळ्या! मऊ, पापुद्र्याच्या, तुपाने माखलेल्या. लेकीचा अभिमान वाटला. बरोबर बटाट्याची भाजी, वरण-भात, शिरा. ज्ञानोबारावांनी एक पोळी अर्धी केली, अर्धीची पुन्हा अर्धी केली, आणि ती वरणात बुडवून गिळली. मग पाणी प्यायले आणि हात धुतला.

"कशी झाली होती भाजी, मामा?" मुक्ताने विचारलं.

"लय झकास, बाई. पोट भरलं."

मुक्ताने उरलेली पोळी उचलली आणि आत नेली. मला तिच्या पाठीवरून कळलं की हे रोजचंच आहे.

मी कामाला लागलो. दुसऱ्या दिवसापासून ज्ञानोबारावांना उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी. बाजारातल्या चूर्णाची पुडी मी वासावरूनच ओळखली, भरपूर सोनामुखी होती तिच्यात. सोनामुखीने पोट होतं साफ, पण रोज घेतली की आतडं आळशी होतं आणि तिच्यावाचून हलतच नाही. पुडी मी काढून घेतली. तिच्या जागी रात्री थोडा त्रिफळा, जेवणाआधी आल्याचा तुकडा मीठ लावून, जेवणानंतर ओवा-बाळंतशेप, भिजवलेल्या काळ्या मनुका, टीव्ही बंद करून जेवण. ज्ञानोबाराव सगळं बिनतक्रार करत. रुग्ण असावा तर असा, असं मला वाटलं.

मग मी कोकमाचं सार केलं. माझं सार आमच्या आळीत नावाजलेलं आहे. झालं असं की मी मीठ घातलं आणि मी वळल्यावर मुक्तानेही घातलं. विष्णूने एक घोट घेतला आणि तो मोरीकडे धावला. सुभद्राबाईंनी वाटी हळूच बाजूला सरकवली. मी स्वतः चाखलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ज्ञानोबारावांनी मात्र वाटी रिकामी केली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "झकास. कोकणची चवच न्यारी."

विष्णू हसून म्हणाला, "आमच्या दादांला कोनाच्या हातचं नाव ठिवता येत न्हाई. पाव्हण्यानं माती वाढली तरी झकासच म्हनतेत."

मी त्यावर हसलो आणि पुढे गेलो. तिथेच थांबून विचार करायला हवा होता, पण मला माझ्या उपचारांची घाई होती. चार-सहा दिवस झाले तरी ताटातले दोन घास काही वाढेनात. माझ्या हातून असं कधी झालेलं नाही. मी चिडलो, आणि चिडून मनातल्या मनात सगळा दोष तिथल्या पाण्याला दिला.

मेंढरांच्या रानात

ज्ञानोबारावांची एक गोष्ट मला खटकत होती. रोज सकाळी चहा झाला की ते "मेंढरं बगून येतो" म्हणून एकटेच शेताकडे जात. तूर काढून मोकळ्या झालेल्या रानात त्यांनी मेंढरं बसवली होती. आमच्याकडे हे नाही, म्हणून सांगतो. फिरत्या धनगरांचा कळप काही दिवस शेतात बसवतात, लेंड्या-मुताने जमीन खतावते आणि त्या बदल्यात शेतकरी धनगरांच्या घरादाराला धान्य देतो. मी म्हटलं, मीही येतो, चालणं पोटाला चांगलं.

"तुमी आराम करा, इवाई. लय लांब हाय."

शेत गावाला लागूनच होतं. मी थोडा वेळ जाऊ दिला आणि मागोमाग गेलो.

बांधावर बाभळीच्या सावलीला धनगरांचं बिऱ्हाड होतं. तीन दगडांची चूल, तिच्यावर तवा, आणि एक बाई, तिचं नाव गिरजाबाई हे मला नंतर कळलं, ज्वारीची भाकरी थापत होती. तिच्या समोर मांडी घालून माझे रुग्ण बसले होते. हातात भाकरी, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, बाजूला बुक्कीने फोडलेला कांदा, हरभऱ्याच्या कोवळ्या पानांची भाजी, पितळीत ताक. ते जेवत होते. घरी पोळीचे तुकडे मोजूनमापून गिळणारा माणूस भाकरीचा मोठा तुकडा मोडून, चटणीत दाबून, गाल भरून चावत होता. डोळे अर्धे मिटलेले.

"अजून एक टाकू का, दाजी?" गिरजाबाईने विचारलं.

"टाक की."

मी बाभळीआडून पुढे झालो आणि म्हणालो, "दोन टाका. एक मला."

ज्ञानोबारावांचा घास तोंडातच राहिला. मग त्यांनी तो हळूहळू चावला, गिळला, आणि मला बसायला घोंगडीचं टोक सरकवलं. मी इतका चिडलो होतो की काही बोलायच्या आधी भाकरीच खाल्ली. आणि खाल्ल्यावर, खरं सांगतो, निम्मा राग गेला. गरम, गोडसर, धुराचा वास असलेली. तांदळाच्या भाकरीवर वाढलेला मी, पण मलाही कळलं की ही भाकरी एकटी येत नाही. तिच्याबरोबर कांदा येतो, पालेभाजी येते, ताक येतं, चावायला लागतं. पोळीबरोबर बटाटा आला होता आणि शिरा आला होता. मी आठवडाभर पुड्या बांधत बसलो आणि या माणसाचं खरं औषध शेतात शिजत होतं.

"तुमचं पोट बिघडलेलं नाही," मी म्हटलं. "तुमचं जेवण बिघडलंय. घरी भाकरी का मागत नाही?"

मेंढरांकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात घरात पाहुणे आले. सुभद्राबाईंचा हात नुकताच प्लास्टरमध्ये गेला होता. मुक्ताने पहिल्यांदा ज्वारीच्या भाकरी केल्या. एकही धड झाली नाही. पाहुण्यांतल्या एका बाईने तुकडा उचलून सगळ्यांना दाखवला. "ही भाकरी हाय का कोकणचा नकाशा?" सगळे हसले. मुक्ता आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही.

"लेकरू लय रडलं, इवाई. आईबापापासून इतक्या दूर आलेलं. मला बगवंना. मंग मीच पाव्हण्यांपुढं बोललो, मला आता दातानं भाकरी चावत न्हाई, मला पोळीच आवडती, उद्यापासून घरात पोळी करा. तवापासून..."

"तेव्हापासून तुम्ही पोळी गिळताय."

"गोड म्हून खातो. पोळी वाईट न्हाई. पर भरल्यासारखं वाटतंय, जेवल्यासारखं वाटत न्हाई. मंग चूर्ण घेतो."

"अहो, पण आता ती घर सोडायला निघाली आहे! तिला वाटतं, तिच्या हातानं तुम्ही आजारी पडलात!"

हे त्यांना माहीत नव्हतं. खोलीचं विष्णूने घरात अजून काढलंच नव्हतं. तो उंच माणूस बसल्या जागी लहान झाला. हातातली भाकरी त्यांनी खाली ठेवली.

"मंग तर अजिबात सांगू नका," ते म्हणाले. "आता कळलं तर तिला काय वाटंल? इतके दिस मामा खोटं बोलले, असंच ना? तुमाला तुमच्या लेकीची आन हाय."

आण घातली! मला असल्या गोष्टींचा भयंकर संताप येतो. चूक कुणाची नाही, मन सगळ्यांचं चांगलं, आणि घर मात्र दुभंगायला निघालेलं. मी ताडकन उठलो.

हुरडा

त्याच दुपारी विष्णूने माझ्यासाठी हुरड्याचा बेत केला होता. जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवतात, तिला आगटी म्हणतात. तिच्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि हिरवे मऊ दाणे लसणाच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर, दह्याबरोबर तोंडात टाकायचे. विष्णू आणि मुक्ता चोळत होती आणि मी खात होतो. राग आला की मी खातो. ज्ञानोबाराव समोर बसून माझ्याकडे विनवणीच्या नजरेने बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळून पुढची मूठ घेत होतो. लोकांना शिकवायचं हलकं खा, चावून खा, पोटात थोडी जागा ठेवा. माझ्या पोटात त्या दुपारी जागा म्हणून उरली नाही.

व्हायचं तेच झालं. सकाळी माझं पोट ढोलासारखं फुगलेलं आणि मी पांघरूण घेऊन पडलेलो. पोटाचे डॉक्टर पोट धरून पडले म्हणून विष्णू ओसरीवर हसत होता, ते मला ऐकू येत होतं. मी ओवा-सैंधव घेतलं, गरम पाणी प्यायलो, कुशीवर वळलो, आणि तिथे पडल्यापडल्या मला वाट सापडली. आण होती ती माझ्या बोलण्याला. पोटाला कुणी आण घातली नव्हती.

मुक्ता खायला काय करू विचारायला आली. मी म्हटलं, "दुपारी मला ताक दे. आणि ज्वारीची भाकरी."

"बाबा, मला जमत नाही."

"जमेल तशी कर."

"नकाशा होतो."

"होऊ दे. तू पहिल्यांदा पोळी केलीस तेव्हा कुत्र्यानेही हुंगून सोडली होती. मी खाल्ली. आता माझं पोट बिघडलंय आणि मला दुसरं काही चालणार नाही."

सासरच्या माणसांपुढे हसं झालं की पोरगी लाजेने मरून जाते. बापापुढे झालं तर ती बापावर खेकसते. ती माझ्यावर खेकसली आणि कोपऱ्यातल्या डब्यातून ज्वारीचं पीठ काढायला गेली. ते पीठ गाईच्या आंबोणासाठी दळून ठेवलेलं होतं. सुभद्राबाई सोप्यातून उठल्या.

"ते नगं. ते जुनं हाय. जुन्या पिठाची भाकरी कोनाच्याच हातानं थापत न्हाई."

मुक्ता थांबली. "म्हणजे?"

"चिकटपना जातो पिठाचा. चिरतीच ती. ताजं दळून आन विष्णू, जा."

"आत्या," मुक्ता सावकाश म्हणाली, "पाहुणे आले होते तेव्हाही मी याच डब्यातलं घेतलं होतं."

सुभद्राबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्या वेळी त्या प्लास्टर घालून आतल्या खोलीत पडून होत्या. डबा कुणाला विचारून घेतला नव्हता, आणि नंतर भाकरीचा विषयच घरात कुणी काढला नव्हता. सुनेला लागेल म्हणून.

विष्णू गिरणीतून गरम पीठ घेऊन आला. मी पांघरुणासकट स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसलो. सुभद्राबाई चुलीपाशी पाट घेऊन बसल्या आणि डाव्या हाताने दाखवू लागल्या. पाणी उकळतं घे. हाताला सोसंल तेवढंच मळ. तळहातानं रगड, अजून रगड. आता थाप, फिरू दे तिला, तू फिरवू नको. पहिली तव्यावर टाकताना मुडपली. दुसरीला कडेने भेगा गेल्या. तिसरीवर पाण्याचा हात फिरवून मुक्ताने ती उलटली, मग जाळावर धरली, आणि ती हळूहळू, संशय घेत घेत, फुगली.

ज्ञानोबाराव केव्हाचे दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांच्या नाकात वास गेला असणार, कारण ते माझ्या शेजारी येऊन खाली बसले.

"इवायांनी एकट्यानं जेवनं बरं दिसत न्हाई," ते म्हणाले. "मला बी अर्दी द्या."

मुक्ताने अर्धी दिली. मग अर्धी. मग ती मुडपलेली, मग भेगा गेलेली. कांदा फोडला, ताक आलं. ज्याला दाताने भाकरी चावत नव्हती तो माणूस शेजारी बसून कडा कुरकुरीत मोडत होता. मुक्ता थापायची थांबली. पिठाचे हात तसेच ठेवून ती बघत राहिली. माझी लेक हुशार आहे. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

"मामा, तुमचे दात बरे आहेत."

ज्ञानोबारावांनी हातातला तुकडा ताटात ठेवला.

"तुम्हाला पोळी कधीच आवडत नव्हती."

"तुला लागंल म्हून, बाई..."

"लागलं असतं!" मुक्ता इतक्या जोरात बोलली की ओसरीवरचा विष्णू आत आला. "लागलं असतं मामा, दोन दिवस रडले असते. मग शिकले असते. तुम्ही तीन वर्षं मला पाहुणी करून ठेवलंत. पाहुण्याने माती वाढली तरी झकास म्हणता, तसं मला म्हणत राहिलात. आणि मी इथे रोज ताटातली उरलेली पोळी बघून..."

सुभद्राबाईंनी तिच्या पाठीवर आपला वाकडा हात ठेवला.

ज्ञानोबारावांनी रुमालाने डोळे पुसले. "चुकलं," ते म्हणाले. "मंग आता काय करू, सांग."

मुक्ताने आणखी एक भाकरी थापली, भाजली आणि त्यांच्या पुढ्यात टाकली. "ही खा. आणि कशी झालीय ते खरं सांगा."

सगळं घर त्यांच्याकडे बघू लागलं. त्यांनी तुकडा मोडला, चावला, बराच वेळ चावला. ज्या माणसाने माझं खारट सार झकास म्हणून प्यायलं होतं, त्याला हे किती जड गेलं असेल, याची मला पूर्ण कल्पना आहे. शेवटी त्यांनी मान खाली घालून सांगितलं.

"कड कच्ची हाय, बाई."

मुक्ताने ती भाकरी त्यांच्या हातातून घेतली आणि पुन्हा जाळावर धरली.

देवरुख

मी आणखी थोडे दिवस राहिलो. हिंडलो, बाजारात जाऊन बोरं आणि गूळ घेतला, ज्ञानोबारावांबरोबर उघडपणे मेंढरं बघायला गेलो. गिरजाबाई म्हणाली, आता दाजी भाकरी मागत न्हाईत. सोनामुखीची पुडी पुन्हा काढायची वेळ आली नाही. माझी आमसुलं मी सुभद्राबाईंना देऊन टाकली, त्या ती आमटीत घालतात असं कळलं, म्हणजे अगदीच वाया गेली नाहीत. त्रिफळा परत आणला. निघताना ज्ञानोबाराव माझ्याइतकेच खाली वाकले, पण या वेळी उंबऱ्यातच, सगळ्यांसमोर, स्वतःहून पोटावर हात फिरवून म्हणाले, "बरं हाय, इवाई." विहीणबाई पुन्हा पदर तोंडाला लावून आत गेल्या.

वाचकहो, पोटाविषयी माझं म्हणणं आजही तेच आहे. कोमट पाणी प्या, वेळेवर जेवा, चावून खा, चूर्णाची सवय लावून घेऊ नका. फक्त त्यात एक भर घालतो. ताटात काय हवं ते मोकळेपणाने मागा, आणि तुमच्या घरातल्या माणसांनाही मागू द्या.

परवा मुक्ताचा फोन आला. मागे तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं.

"बाबा, मामा रोज चुका काढतात हो! काल म्हणाले जाड झाली, आज म्हणाले चटणीत लसूण कमी. आणि चार भाकरी खाऊन उठले." हे ती अशी सांगत होती की शाळेत पहिला नंबर आल्याचंही तिने कधी तसं सांगितलं नव्हतं.

"आणि परभणीच्या खोलीचं काय झालं?"

"कसली खोली?" ती म्हणाली. "बरं ठेवते बाबा, तवा तापलाय."